बिनखिशाचे कपडे

विनता सिस्टर रोज संध्याकाळी दुसऱ्यांनी टोचलेली संत्री खायची. ऐकायला विचित्र वाटेल, पण त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. जबलपूरच्या तोफगोळ्यांच्या कारखान्याच्या इस्पितळात मधुमेहाच्या रोग्यांना स्वतःच्या हातानं इन्सुलिनची सुई घ्यायला शिकवणं हे तिचं काम. आता पहिल्याच दिवशी ‘टोच मांडीत’ म्हटलं की तोफेचे गोळे भरणारा गडीसुद्धा पांढराफटक पडतो. म्हणून आधी संत्रं. त्याची साल माणसाच्या कातडीसारखीच, वरून चिवट आणि आत मऊ. काचेच्या पिचकारीत उकळून गार केलेलं पाणी भरायचं, संत्र्यात टोचायचं, पुन्हा भरायचं, पुन्हा टोचायचं. हाताची थरथर थांबली की मग मांडी.

शिकून झालं की ते संत्रं घरी न्यायला कुणी तयार नसे. “इसमें सुई लगी है, दीदी,” म्हणून जो तो हात मागे घ्यायचा. चांगलं फळ फेकणं विनताच्या जिवावर यायचं. मग दिवसाची तीन-चार संत्री पिशवीत घालून, सायकलला अडकवून, ती चेरीतालच्या आपल्या दोन खोल्यांत यायची आणि स्टोव्हवर भात चढवून तो होईपर्यंत एकेक फोड तोंडात टाकायची. पाणचट लागायची. कमानिया गेटजवळचा फळवाला तिला निवडून गोड संत्री द्यायचा आणि ती स्वतः मात्र पाणी भरलेली खायची. पण याबद्दल कुरकूर करायची तर ती करणार कुणाजवळ?

विनता एकटी होती. हे आडवळणानं सांगण्यात काही अर्थ नाही. वय त्रेचाळीस. लग्नाचं बोलणं दोनदा झालं आणि दोनदा फिसकटलं. वडील गेले, मागोमाग आई गेली, भाऊ बदली होऊन भोपाळला गेला आणि तिथलाच झाला. त्याची मुलं तिला ‘बुआ’ म्हणायची आणि तिनं मराठीत काही विचारलं की उत्तर हिंदीत द्यायची. दिवसभर इस्पितळात हिंदी, बाजारात हिंदी, शेजारी हिंदी. मराठी फक्त घरात, आणि घरात तर ती एकटीच. कधी कधी दूध उतू गेलं की ती “अगं बाई” म्हणायची, आणि आपलाच आवाज ऐकून जरा दचकायची.

पण तिला टेबल होतं. औषधाच्या खिडकीशेजारी व्हरांड्यात तिचं ते टेबल, एका पायाखाली वीट घातलेलं. त्यावर स्पिरिटचा दिवा, परीक्षानळ्या, निळ्या औषधाची बाटली आणि संत्र्यांची परडी. १९६८ साली सहा महिने मुंबईला पाठवून तिला हे खास शिक्षण देऊन आणलं होतं. निळ्या औषधात लघवीचे आठ थेंब टाकून उकळायचे. निळं राहिलं तर साखर नाही, हिरवं झालं तर थोडी, पिवळं झालं तर जास्त, आणि विटकरी झालं तर काय जेवलात ते खरं सांगा. रोग्यानं घरी रोज हा उद्योग करून वहीत रंग लिहायचा आणि बुधवारी ती वही तिला दाखवायची. मोठ्या डॉक्टरांना हा सगळा खेळ वाटायचा. नर्सनं नर्सचं काम करावं, मास्तरकी कशाला, असं ते दर दोन महिन्यांनी तिला ऐकू जाईल अशा बेतानं बोलायचे. त्यांच्या हाताखालचे डॉक्टर खेर मात्र तिच्या बाजूचे होते, म्हणून टेबल टिकून होतं.

शिकवताना तिचा सगळ्यात आवडता धडा शेवटचा. सुई घेतली आणि जेवायला उशीर झाला तर साखर एकदम खाली जाते. घाम फुटतो, हातपाय लटपटतात, माणूस दारू प्यायल्यासारखा बरळायला लागतो. त्या वेळी तोंडात साखर गेली तर पाच मिनिटांत माणूस ठीक, नाही गेली तर बेशुद्ध, आणि फार वेळ तसाच राहिला तर संपला. “म्हणून,” विनता बोट वर करून म्हणायची, “जेब में हमेशा मिश्री. सोते, जागते, ड्यूटी पर, बाज़ार में. हमेशा.” आणि मग टेबलाच्या खणातून एक लहानशी पुरचुंडी काढून रोग्याच्या हातावर ठेवायची. आत खडीसाखरेचे चार खडे. पुरचुंडीचं फडकं तिच्या आईच्या जुन्या लुगड्यांचं. आई गेल्यावर ती लुगडी ना नेसवत होती, ना कुणाला द्यावीशी वाटत होती. तेव्हा तिनं ती कापून, कडा शिवून वीतभर चौकोन केले होते. हे एवढं मात्र मुंबईत शिकवलेलं नव्हतं. ते तिचं स्वतःचं होतं, आणि त्याचा तिला अभिमान होता.

रोगी पुरचुंडी घ्यायचे, मान डोलवायचे, “जी, दीदी” म्हणायचे आणि जायचे. तीन वर्षांत एकाही माणसानं तिला उलटून काही विचारलं नाही. शिकवणाऱ्याला हे फार बरं वाटतं. विनतालाही वाटायचं.

एक अंबादास वानखडे तेवढा वेगळा. मूळचा अमरावतीकडचा, वीस वर्षं कारखान्यात, गोळ्यात दारू भरायच्या विभागात. बायको चार वर्षांमागे गेली. एकुलता एक मुलगा, श्रीरंग, फौजेत. माणूस मोठा शिस्तीचा. वहीत रंग लिहायचा तो नुसता शब्दानं नाही, मुलाच्या जुन्या रंगपेटीतल्या कांडीनं ठिपका काढून. पण विनता त्याची वाट पाहायची ती वहीसाठी नाही. तो तिच्याशी मराठी बोलायचा. बुधवारी साडेचारला दिवसपाळी उतरली की तो सगळ्यांत शेवटी बसायचा आणि वही पाहून झाल्यावर दहा मिनिटं इकडचं तिकडचं बोलायचा. पनागरची वांगी कशी आली, पत्र आलं का, भाजी काय केली. “सिस्टरबाई, तुमी घरी जाऊन सैंपाक करता का तशाच झोपता?” असं तिला विचारणारं जबलपुरात दुसरं कुणी नव्हतं. यात प्रेम-बिम काही होतं का, असं कुणी विचारेल. विनतानं स्वतःला ते कधी विचारलं नाही. बुधवारी ती केसांना तेल जरा नीट लावायची, एवढं खरं.

डिसेंबर १९७१. तीन तारखेला लढाई सुरू झाली आणि कारखान्यात आठ तासांची पाळी बारा तासांची झाली. दिव्यांना काळे कागद लागले, भोंग्याच्या कवायती सुरू झाल्या, आणि वरून एक हुकूम आला: इन्सुलिन घेणारे कामगार धोक्याच्या विभागातून काढून दुसरीकडे लावावेत. असे सहा जण होते. डॉक्टर खेरांनी यादी विनतापुढे ठेवली.

आठ तारखेला, बुधवारी, बारा तासांची पाळी असूनही अंबादास अर्ध्या तासाची सुट्टी मागून टेबलाशी आला. वही काढली नाही.

“मले पेट्या ठोकायच्या शेडमधे टाकून राहिले म्हणे,” तो म्हणाला.

“तुमच्या जिवासाठीच ना, अंबादासभाऊ.”

“माह्या जिवाले काय झालं? तीन वर्षं झाली सुई घेऊन, एक दिवस तरी पडलो का?” त्यानं दोन्ही हात टेबलावर ठेवले. दारूच्या पुडीनं पिवळे पडलेले, कितीही धुतले तरी न निघणारे हात. “श्रीरंग तिकडं हाय. कुठं हाय ते सांगत नाहीत. पत्र येऊन एक महिना झाला. मी इथं गोळा भरतो तवा मले वाटते का त्याच्यासाठी काही करून राहिलो. पेट्या ठोकत बसलो तं दिवसभर तेच डोक्यात येईन, बाई. मी पागल होऊन जाईन. तुमी लिहून द्या. तुमचं ऐकतात डॉक्टरसाहेब.”

विनतानं त्याच्या वहीतले तीन वर्षांचे निळे ठिपके आठवले आणि डॉक्टर खेरांपुढे जाऊन सहाही जणांची हमी घेतली. मी शिकवलंय यांना, कायम जवळ साखर बाळगतात, ती म्हणाली. खेरांनी फॉर्म पुढे सरकवला आणि तिनं इंग्रजीत सहा वेळा तेच लिहून खाली सही केली. पूर्ण शिकवलेला रोगी, साखर सतत खिशात. आपल्या शब्दाला एवढी किंमत आहे याचा तिला त्या दिवशी आनंद झाला, आणि घरी जाताना ती सायकलवर चक्क गुणगुणली.

दुसऱ्याच दिवशी दुपारी अडीच वाजता अंबादासला आणलं.

झालं असं. साडेअकराला कवायतीचा भोंगा झाला आणि सगळ्यांना खंदकात बसवलं. तास गेला. पुढं राहिलेलं काम भरून काढायचं म्हणून जेवणाची सुट्टी दोनला ढकलली. अंबादासनं पहाटे साडेपाचला सुई घेतली होती. दीडच्या सुमाराला तो घामानं भिजला आणि असंबद्ध बोलू लागला. सोबत्यांना वाटलं, गोळ्यातल्या दारूच्या वासानं डोकं चढलं असेल, असं कधी कधी होतं. त्याला सावलीत झोपवलं. मग तो उठेना, तेव्हा फाटकापर्यंत उचलून आणलं, तिथं कागद झाले, आणि मग गाडी.

गाडी व्हरांड्यासमोर थांबली. विनता धावली. अंबादासची मान एका बाजूला पडली होती आणि ओठांतून लाळ येत होती. तिला एका क्षणात सगळं कळलं, आणि तिचा हात आपोआप त्याच्या खिशाकडे गेला. पुरचुंडी. उजवीकडे हात फिरवला, नुसतं कापड लागलं. डावीकडे फिरवला. छातीवर फिरवला. ओलं, जाडंभरडं, पांढरं सुती कापड, गळ्याशी नाडी, कमरेला नाडी. बटण नाही, शिवणीत फट नाही. तिचा हात त्या कपड्यावर वरखाली फिरत राहिला, आणि नथ्थू, इस्पितळाचा म्हातारा शिपाई, तिच्या कानाशी म्हणाला, “क्या ढूँढ रही हैं, सिस्टर? इन कपड़ों में जेब नहीं होती.”

डॉक्टर खेरांनी शिरेतून ग्लुकोज दिलं. दहा मिनिटांनी अंबादासनं डोळे उघडले. सगळ्यांनी हुश्श केलं. विनतानं मात्र केलं नाही. ती बाथरूममध्ये गेली, दार लावलं आणि नळ सोडून उभी राहिली.

सकाळी वॉर्डात अंबादास पेज पीत बसला होता. ती त्याच्या खाटेजवळ स्टूल ओढून बसली.

“त्या कपड्याले खिसा नसतो,” ती त्याच्याच बोलीत म्हणाली.

“नसते.” तो ओशाळला. “आत जायच्या आधी आपले कपडे काढून खुंटीले टांगा लागतात. बिडी, माचिस, आंगठी, नाणं, काही नेता येत नाही. खिसा राहिला तं माणूस विसरून काही घेऊन जाईन ना, म्हणून खिसाच नाही शिवत. एक ठिणगी पडली तं सगळा विभाग उडन.”

“आणि पुरचुंडी?”

“ते शर्टच्या खिशात. खुंटीवर. रोज नेतो मी, बाई. एक दिवस नाही चुकलो.”

विनताला एकदम रागच आला, आणि तो राग कुणावर आहे हे तिलाही सांगता आलं नसतं. “तीन वर्षं मी खिसा खिसा करून राहिले! तुम्ही एकदा तरी काहून नाही सांगितलं?”

अंबादासनं पेजेची वाटी खाली ठेवली. तिच्याकडे न बघता तो चादरीची सुरकुती सरळ करू लागला.

“तुमी इतक्या मायेनं सांगत होते,” तो म्हणाला. “श्रीरंगची माय गेल्यावर मले कोणी म्हटलं नव्हतं का जवळ काही खायाचं ठेव म्हणून. मधे बोलावंसं नाही वाटलं. अन् मी बोललो असतो तं तुमी मले त्या विभागातून काढलं असतं.”

बाकीचे पाच जण का बोलले नाहीत हे तिनं विचारलं नाही. ते तिला आपोआप कळलं. तिनं कुणाला विचारलंच नव्हतं. कारखान्याच्या फाटकापासून इस्पितळ दोनशे पावलांवर, पण तेवीस वर्षांच्या नोकरीत ती फाटकाच्या आत एकदाही गेली नव्हती. नर्सच्या पासावर आत जाता येत नसे, आणि जावं असं तिच्या मनातही आलं नव्हतं. माणसं कशी जगतात ते न बघता तिनं त्यांना कसं जगावं ते शिकवलं होतं, आणि त्यांच्या माना डोलताना बघून ती खूष होत होती.

दुपारी चौकशीला मेजरसाहेब आले. फौजेतून निवृत्त होऊन सुरक्षा अधिकारी झालेले, बोलायला कमी आणि लिहायला फार. बरोबर डॉक्टर खेर आणि मोठे डॉक्टर. मेजरसाहेबांच्या हातात विनताच्या सहीचा फॉर्म होता.

“इसमें लिखा है, शक्कर हमेशा जेब में,” ते म्हणाले. “थी?”

विनतानं तोंड उघडलं. पण तिच्या आधी अंबादास बोलला.

“भूल गया था, साब. सिस्टरने तो सब सिखाया था. बराबर सिखाया था. मैं ही लापरवाही कर गया.”

मेजरसाहेबांना या खात्यात येऊन चारच महिने झाले होते आणि त्यांचं लक्ष कागदावर होतं. आत साखर न्यायला परवानगीच नाही ही गोष्ट त्यांच्याही डोक्यात त्या वेळी आली नाही. मोठे डॉक्टर विनताकडे बघत होते, चूक कुठं सापडते आणि टेबल कधी उचलतो अशा नजरेनं. अंबादासनं तिच्याकडे बघून अगदी थोडी मान हलवली. बोलू नका.

आणि विनता बोलली नाही.

हे तिच्याबद्दल सांगायचं जिवावर येतं, पण तसंच झालं. ती बोलली असती तर टेबल जाणार होतं. टेबल गेलं की बुधवार जाणार होते. तिनं खाली मान घालून आपल्या बुटांची नाडी बघितली, मेजरसाहेबांनी ‘कामगाराची बेपर्वाई’ असं लिहिलं, आणि अंबादास वानखडेची कायमची बदली पेट्या ठोकायच्या शेडमध्ये झाली. तो भिंतीकडे तोंड करून झोपला. ज्या एका गोष्टीसाठी त्यानं तिचे पाय धरायचे तेवढे बाकी ठेवले होते, तीच त्यानं तिच्या टेबलापायी सोडून दिली होती.

त्या संध्याकाळी ती संत्री तशीच पडून राहिली. शनिवारी नवी आली, तीही पडून राहिली. रविवारी तिनं सगळं घर धुऊन काढलं, धुतलेलं पुन्हा धुतलं, आणि आईच्या उरलेल्या एका लुगड्याची घडी मांडीवर घेऊन दुपारभर बसून राहिली. मनातल्या मनात ती अंबादासशी बोलत होती. आपण टेबलासाठी गप्प बसलो, असं तिनं त्याला सांगितलं. टेबल सहा जणांच्या नाही, तीस जणांच्या कामाचं आहे, असंही सांगून पाहिलं. तो ऐकून घेत होता आणि मान डोलवत होता. ती डोलणारी मान तिला सहन होईना.

सोमवारी सकाळी ती मेजरसाहेबांच्या कचेरीत उभी राहिली. “चूक रोग्याची नाही, माझी आहे,” तिनं सांगितलं, आणि सांगताना तिचा आवाज इतका चढला की बाहेरचा कारकून आत डोकावला. त्या कपड्यांना खिसा नाही हे मला ठाऊक नव्हतं. मी जे शिकवलं ते आत करताच येत नाही. वानखडे मला वाचवायला खोटं बोलला आणि मी ते बोलू दिलं. लिहून घ्या.

मेजरसाहेबांनी पेन उचललं आणि परत ठेवलं. मग ते म्हणाले, “चलिए, अंदर चलकर देखते हैं.”

आत जाताना बायकांच्या खोलीत तिला घड्याळ काढायला लावलं. मग बांगड्या, केसांतले आकडे, पेन, सेफ्टीपिना, बूट. पांढरा, नाडीचा, बिनखिशाचा डगला तिच्या अंगावर आला. तिनं सवयीनं रुमाल ठेवायला हात खाली नेला आणि हात नुसता कापडावरून घसरला. एवढीशी गोष्ट, पण माणसाजवळ आपलं म्हणून काहीच राहिलं नाही की कसं वाटतं ते तिला तेव्हा कळलं.

पुरुषांची कपडे बदलायची खोली त्या वेळी रिकामी होती. सगळे कामावर गेले होते. लांबच लांब खोली, दोन्ही बाजूंना खुंट्या, खुंट्यांवर शर्ट. मेजरसाहेबांच्या माणसानं नंबर बघून ते सहा शर्ट दाखवले, अंबादासचा गुरुवारपासून तिथंच होता. दाखवायची गरज नव्हती. प्रत्येक शर्टच्या खिशातून कापडाचं टोक बाहेर आलेलं होतं. उदी इरकलीचं टोक, आई मंगळवारी नेसायची ती. हिरवी, काठाला जर असलेली, भावाच्या मुंजीतली. जांभळी, जी आजारपणात अंगावर होती. तिची आई इथं तीन वर्षं खुंटीला टांगलेली होती, आणि माणसं पलीकडच्या खोल्यांत उपाशी काम करत होती.

विनता तिथं रडली. मेजरसाहेब खिडकीबाहेर बघत उभे राहिले, ते त्यांचे उपकार.

त्यानंतर गोष्टी भराभर झाल्या. भरण्याच्या प्रत्येक खोलीबाहेर पहारेकऱ्याच्या स्टुलावर झाकणाच्या लाकडी डब्यात गूळ ठेवायचा, त्या सहा जणांची जेवणाची वेळ कुठल्याही भोंग्यानं हलवायची नाही, आणि सोबत्यांना लक्षणं सांगून ठेवायची, असा लेखी हुकूम निघाला. ‘बेपर्वाई’ हा शब्द खोडला गेला. मंगळवारी अंबादास पुन्हा आपल्या विभागात गेला. आणि मंगळवारीच मोठ्या डॉक्टरांनी दुसरा कागद काढला. चुकीचं शिकवलं गेल्याचं नर्सनं स्वतः कबूल केलं आहे, तेव्हा शिकवणी बंद, सिस्टरनं सर्जिकल वॉर्डात हजर व्हावं. पुढं रोग्यांना छापील पत्रक मिळेल. डॉक्टर खेर भांडले. काही उपयोग झाला नाही.

बुधवारी नथ्थूनं टेबल उचलून कोठीत नेलं. पायाखालची वीट मात्र व्हरांड्यातच राहिली.

गुरुवारी संध्याकाळी लढाई संपल्याची बातमी आली. शुक्रवारी कारखान्याचा भोंगा पाच मिनिटं वाजत होता, वॉर्डात पेढे वाटले, नथ्थू नाचला. विनतानं पेढा हातात धरला आणि कुणाला तरी मराठीत काहीतरी म्हणावं म्हणून आजूबाजूला पाहिलं. मग पेढा खाल्ला आणि ड्रेसिंगची ट्रॉली पुढं ढकलली. एक बुधवार गेला. साडेचार वाजले की तिचे डोळे व्हरांड्याकडे जायचे आणि त्या विटेवर थांबायचे.

वर्षाच्या शेवटच्या बुधवारी अंबादास वॉर्डाच्या दारात आला. आत यायची वेळ नव्हती, म्हणून उंबऱ्याबाहेरच उभा राहिला.

“श्रीरंगचं कार्ड आलं,” तो म्हणाला. “चांगला हाय. पायाले जरासं लागलं, पण चांगला हाय.”

“देव पावला,” ती म्हणाली. खूप दिवसांनी बोललेली मराठी तिच्या तोंडात अवघडली. “साखर? वही?”

“निळी हाय. ते पत्रक देतात, पण कोणी वाचत नाही. गुळाचा डबा हाय आता आमच्या खोलीबाहेर. तुमच्या नावानं ओळखतात त्याले पोट्टे. पण मी पुरचुंडी नेतोच. खुंटीवर ठेवतो.”

“आता कायले?”

“सवय लागली,” अंबादास म्हणाला. मग त्यानं पिशवीतून एक संत्रं काढून तिच्या हातावर ठेवलं. “सुट्टी मंजूर झाली. पोराले भेटाले पुण्याच्या दवाखान्यात जाऊन राहिलो. तिकडंच बदली मागतो म्हणतो, त्याच्याजवळ. तिथं बी कारखाना हाय.”

“हो, मागा,” विनता म्हणाली. “मागा बदली. त्याला एकट्याला नका ठेवू.”

अजून काही बोलायचं होतं दोघांना, असं दिसत होतं. पण आतून कुणीतरी “सिस्टर!” म्हणून हाक मारली आणि तो हात जोडून निघाला. त्याच्या शर्टच्या खिशातून जांभळं टोक बाहेर आलेलं तो पाठमोरा होईपर्यंत तिला दिसलं.

संध्याकाळी चेरीतालला येऊन तिनं भात चढवला आणि ते संत्रं सोलायला घेतलं. सोलण्याआधी, तीन वर्षांच्या सवयीनं, तिनं ते दिव्याखाली फिरवून सुईची भोकं शोधली. एकही नव्हतं. पहिली फोड तोंडात टाकली आणि ती थांबली. इतकं गोड संत्रं तिनं कधी खाल्लं होतं हे तिला आठवेना. अर्धं तिनं खाल्लं. उरलेलं अर्धं कुणासाठी ठेवावं असं कुणी नव्हतं, तरी तिनं ते बशीत झाकून ठेवलं.